मन बदलले तर वस्तू परत करा. पण कारण खरे लिहा

रमजानचा महिना रोज्यांचा, नमाजचा, कुरआन पठणाचा. पण तो घर आवरण्याचाही असतो. दिवाळीच्या आधी माळ्यावरचे डबे खाली येतात, तसेच ईदच्या आधी मुस्लिम घरांत पडदे उतरतात, चादरी धुवायला जातात, शीरखुर्म्याच्या वाट्या मोजल्या जातात आणि त्यातल्या दोन फुटल्याचे लक्षात येते. पूर्वी ही खरेदी पंधरा रोजे झाल्यावर बाजारपेठेत होत असे. आता तिचा मोठा भाग तरावीहची नमाज आटोपून, अंथरुणावर पडल्या पडल्या मोबाइलवर होतो. पडदे, सोफा कव्हर, गालिचा, दस्तरख्वान, काचेचा डिनर सेट, मिक्सर... बोट फिरत राहते आणि सहेरीची वेळ होईपर्यंत दोन-तीन ऑर्डरी गेलेल्या असतात.

चार दिवसांनी खोके येते. पडदा फोटोत मोरपंखी होता, खिडकीवर लावून पाहिला तर भिंतीच्या रंगाशी जुळत नाही. गालिचा उत्तम आहे, पण बैठकीत अंथरल्यावर दार उघडत नाही. डिनर सेट छान आहे, मात्र तो पाहिल्यावर घरातल्या मोठ्यांनी विचारलेले असते, ‘कपाटात एक पडून आहे, हा दुसरा कशाला?’ वस्तूत दोष काही नाही. मन बदलले आहे, एवढेच.

मग परत पाठवायचे ठरते. ‘रिटर्न’चे बटण दाबले की पडद्यावर कारणांची यादी येते. वस्तू खराब आहे, वस्तू चुकीची आली, माप बसत नाही, आता नको आहे. याच ठिकाणी अनेक घरांत थोड्याफार फरकाने एकच संवाद होतो.

‘अम्मी, “खराब आहे” असं टाक ना. लगेच घेऊन जातात, पैसेही कापत नाहीत.’

‘पण खराब कुठं आहे?’

‘त्यांना काय कळणार आहे!’

त्यांना कळणार नाही, हे खरेच आहे. पण रोजा ठेवणाऱ्या माणसाला कोणी पाहत नसतानाही तो पाण्याचा घोट घेत नाही. रोज्याची सारी शिकवण या एका गोष्टीत सामावलेली आहे. जो खोटे बोलणे आणि खोटे वागणे सोडत नाही, त्याने केवळ खाणेपिणे सोडावे याची अल्लाहला गरज नाही, या आशयाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसच्या ‘बुखारी’ संग्रहात आहे. दिवसभर तहान मारणारा माणूस रात्री दोनशे-तीनशे रुपये वाचवण्यासाठी एका अनोळखी विक्रेत्यावर ‘याने खराब माल दिला’ असा आरोप ठेवत असेल, तर प्रश्न पडद्याच्या रंगापुरता राहत नाही.

न पाहता घेतलेली वस्तू

ऑनलाइन खरेदी नवी असली, तरी तिच्यातला पेच जुना आहे. वस्तू न पाहता सौदा केला आणि पाहिल्यावर ती मनास आली नाही, तर काय करायचे? इस्लामी कायद्याच्या अभ्यासकांनी, म्हणजे फुकहांनी, या प्रश्नाचा हजार वर्षांपूर्वीच बारकाईने विचार केला आहे. सौदा कायम ठेवण्याचा किंवा मोडण्याचा जो अधिकार ग्राहकाकडे राहतो, त्याला ‘खियार’ म्हणतात आणि त्याचे वेगवेगळे प्रकार सांगितले आहेत.

वस्तूत दडलेला दोष निघाला, तर ती परत करण्याचा अधिकार म्हणजे ‘खियारे ऐब’. ऐब म्हणजे दोष. ‘दोन-तीन दिवस पाहतो आणि मग सांगतो’ असे सौद्याच्या वेळीच ठरवून घेतलेले असेल, तर तो ‘खियारे शर्त’. इमाम अबू हनीफा यांनी ही मुदत तीन दिवसांपर्यंत मानली. त्यांच्याच दोन प्रमुख शिष्यांनी, आधी ठरलेली असेल तर, त्याहून अधिक मुदतही मान्य केली. आणि न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर स्वीकारायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार म्हणजे ‘खियारे रूयत’. महाराष्ट्राच्या देशावरचे बहुतेक मुसलमान ज्या हनफी परंपरेत येतात, तिच्यात हा अधिकार मान्य आहे. कोकणातले मुसलमान प्रामुख्याने शाफई परंपरेचे. तिथे न पाहिलेल्या वस्तूच्या सौद्याचे नियम अधिक कडक आहेत. मोबाइल नव्हता, कुरिअर नव्हते; पण फोटोतला रंग आणि खिडकीवरचा रंग यांत पडणारे अंतर त्या लोकांनी जणू ओळखले होते.

हब्बान बिन मुन्किज (रजि.) या सहाबींची हकिकत या संदर्भात सांगितली जाते. डोक्याला झालेल्या जुन्या जखमेमुळे खरेदी-विक्रीत ते वारंवार फसत. घरच्यांना वाटे, यांनी व्यवहारच करू नये. प्रेषितांनी त्यांना व्यवहारापासून तोडले नाही. सौदा करताना ‘फसवणूक नको’ असे स्पष्ट बोलावे, असे त्यांना सांगितले आणि वस्तू ठेवायची की परत करायची हे ठरवायला तीन दिवसांची मुभा दिली. फसवल्या जाणाऱ्या ग्राहकाला घरी बसवायचे नाही, त्याला विचार करायला वेळ द्यायचा, हा या हकिकतीचा गाभा आहे.

मात्र वस्तूत दोष नाही, मुदतही ठरलेली नव्हती, माल नीट पाहून घेतला आणि नंतर फक्त मन बदलले, तर? अशा वेळी विक्रेत्यावर माल परत घेण्याची सक्ती नाही. तरीही त्याने तो परत घेतला, तर त्याला ‘इकाला’ म्हणतात. पश्चात्ताप झालेल्या ग्राहकाचा सौदा जो मोकळा करून देतो, त्याच्या चुका कयामतच्या दिवशी अल्लाह माफ करील, असे हदीसमध्ये आले आहे. इथे शब्द महत्त्वाचे आहेत. दोष असेल तर परत करणे हा हक्क. मन बदलले म्हणून परत घेणे हा विक्रेत्याचा चांगुलपणा. एक मागायचा, दुसऱ्याबद्दल आभार मानायचे. ‘खराब आहे’ असे खोटे लिहिणारा ग्राहक समोरच्याचा चांगुलपणा हिसकावून घेतो आणि त्याच्याच माथी दोष मारतो.

आपला कायदा काय म्हणतो?

भारतातला आजचा कायदाही जवळपास हाच फरक करतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल परत घेण्यास आणि पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत माल परत घेऊन पैसे द्यावे लागतात. त्यामुळे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही दुकानातली पाटी किंवा बिलावरची ओळ सदोष मालाच्या बाबतीत ढाल म्हणून वापरता येत नाही.

ऑनलाइन खरेदीसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. माल सदोष निघाला, बनावट निघाला, जाहिरातीत सांगितलेले गुण त्यात नसले किंवा तो सांगितलेल्या वेळेनंतर आला, तर विक्रेत्याला तो परत घेणे वा पैसे देणे नाकारता येत नाही. उशिराच्या बाबतीत नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणांचा अपवाद आहे. परतीच्या, बदलीच्या आणि पैसे परत मिळण्याच्या अटी ग्राहकाला स्पष्ट दाखवणे बंधनकारक आहे. तक्रार केल्यावर ४८ तासांच्या आत तिची पोच मिळाली पाहिजे आणि महिनाभरात तिचा निकाल लागला पाहिजे.

पण वस्तू चांगली आहे आणि केवळ मन बदलले आहे, अशा वेळी ती परत घ्यायलाच हवी, असा सरसकट नियम भारतात नाही. सात दिवस, दहा दिवस अशा ज्या मुदती अॅपवर दिसतात, त्या त्या विक्रेत्याने किंवा अॅपने आपणहून दिलेल्या सवलती आहेत. म्हणून त्या वस्तूगणिक बदलतात. चादर परत जाते, गादी जात नाही. मिक्सर खराब निघाला तर बदलून मिळतो, पैसे मिळत नाहीत. जोडणी करून दिलेले कपाट बहुधा परत घेतले जात नाही.

इंग्लंडात स्थायिक झालेल्या कोकणी नातेवाइकांकडून ऐकून अनेकांना वाटते, की तिथल्यासारखे इथेही वाट्टेल ते परत करता येते. तिथला कायदा खरोखरच वेगळा आहे. ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघाच्या देशांत बहुतेक ऑनलाइन खरेदी वस्तू हाती आल्यापासून १४ दिवसांत, कोणतेही कारण न देता रद्द करता येते. दुकानात जाऊन हात लावून पाहता आले नाही, म्हणून हा अधिकार. पण त्यालाही मर्यादा आहेत. विक्रेत्याने आधी तसे सांगितलेले असेल, तर परत पाठवण्याचा खर्च ग्राहकाला करावा लागतो. आणि दुकानात पाहिली असती त्यापेक्षा जास्त हाताळून वस्तूची किंमत घटवली, तर तेवढे पैसे कापले जाऊ शकतात. पाहणे वेगळे आणि वापरणे वेगळे, हा फरक तिथेही सुटलेला नाही.

जांगड घेतलेला माल

हा फरक आपल्या बाजारपेठांनाही नवा नाही. जुन्या पेठेतला सराफ किंवा कापडवाला ओळखीच्या घरी माल ‘जांगड’ देत असे. लग्नघरी साड्यांचा गठ्ठा जायचा. पसंत पडतील त्या ठेवायच्या, बाकीच्या घडी न मोडता परत करायच्या. त्यात लिखापढी फारशी नसे. दुकानदार हिंदू, घर मुसलमानाचे किंवा त्याच्या उलट, यानेही काही अडत नसे. विश्वास एवढाच, की जांगड आणलेली साडी नेसून कोणी हळदीला मिरवणार नाही.

मालविक्री कायदा १९३० मध्येही पसंतीवर दिलेल्या मालाविषयी कलम २४ आहे. ग्राहकाने पसंती कळवली, किंवा ती वस्तू आपलीच आहे अशा रीतीने वागला, किंवा नकार न कळवता मुदत उलटू दिली, की माल त्याचा झाला. सोप्या भाषेत सांगायचे, तर वापरली म्हणजे पसंत पडली.

आज हा संकेत मोडणारी एक नवी सवय दिसते. ईदच्या दोन दिवस आधी नवे सोफा कव्हर मागवायचे, ईदच्या दिवशी पाहुण्यांसमोर मिरवायचे आणि बासी ईद झाली की घडी घालून परत पाठवायचे. दिवाळीत दिव्यांच्या माळांचे, लग्नात कपड्यांचे हेच होते. कोणत्याही एका समाजाची ही मक्तेदारी नाही. मुदतीत परत केले म्हणजे नियमात बसले, असे मनाला समजावता येते. पण परत करायचे ठरवूनच घेतलेली वस्तू ही खरेदी नव्हे. ते न विचारता, फुकट घेतलेले भाडे आहे.

इकाल्याच्या बाबतीत हनफी फुकहांनी घातलेली अट इथे आठवण्यासारखी आहे. सौदा मोडला तर मूळ किमतीतच मोडायचा. विक्रेत्याने गरजू ग्राहकाला कोंडीत पकडून रक्कम कमी करायची नाही. मात्र वस्तू ग्राहकाच्या ताब्यात असताना तिच्यात खोट आली असेल, तर तेवढी रक्कम कमी करता येते. दोन्ही बाजूंना सारखा न्याय.

परत गेलेल्या खोक्याचा प्रवास

‘एवढ्या मोठ्या कंपनीला दोनशे रुपयांनी काय फरक पडतो?’ हा नेहमीचा युक्तिवाद. पण अॅप मोठ्या कंपनीचे असले, तरी त्यावरचा विक्रेता बरेचदा लहान असतो. सोलापूरची चादर आणि टॉवेल, इचलकरंजी आणि मालेगावच्या यंत्रमागांवरचे कापड, पानिपतचे गालिचे, मुरादाबादची पितळी भांडी, सहारनपूरचे लाकडी नक्षीकाम. घरात येणाऱ्या अशा वस्तूंमागे कुठला तरी कारखानदार, एखादा चार-सहा कामगारांचा पॅकिंगचा गाळा असतो. मालेगावात तर त्या मागांवर काम करणारे बहुसंख्य हात मुसलमानांचेच, आणि त्यांतले बरेच रोज्याने असतात.

परत निघालेले पार्सल आधी शहरातल्या केंद्रावर जाते, तिथून भिवंडीसारख्या ठिकाणच्या गोदामात आणि मग विक्रेत्याकडे. जाण्या-येण्याचे भाडे कुणाला तरी भरावे लागते. ते बरेचदा पूर्ण किंवा काही अंशी विक्रेत्याच्या हिशेबातून कापले जाते. खोके फाटलेले असेल, टॅग निघालेला असेल, चादरीला अत्तराचा किंवा तळणाचा वास असेल, तर ती नवी म्हणून विकता येत नाही. वर ‘खराब माल’ असा शेरा. असे शेरे वाढले, की अॅपवर त्या विक्रेत्याचे मानांकन घसरते आणि त्याचा माल ग्राहकाला शोधूनही लवकर सापडत नाही. ‘आता नको आहे’ आणि ‘खराब आहे’ या दोन पर्यायांतले अंतर ग्राहकासाठी बोटभर असते. विक्रेत्यासाठी ते धंद्याइतके असू शकते.

दारात येणाऱ्या पोरालाही यातले काही सोसावे लागते. डिलिव्हरी करणाऱ्यांना अनेक ठिकाणी पार्सलमागे पैसे मिळतात. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ मागवून, तो तिसऱ्या मजल्यावर चढून आल्यावर, दार न उघडताच ‘नको, परत घेऊन जा’ म्हणणे हा हल्ली सोपा मार्ग झाला आहे. उन्हात फिरणारा तो मुलगा रोज्याने असेल किंवा नसेल; त्याची पायपीट खरीच असते. मन बदलले असेल, तर माल निघण्याआधीच ऑर्डर रद्द करावी. त्या एका कृतीने भाडे, खोके आणि पायपीट, तिन्ही वाचतात.

घ्यायच्या आधी आणि परत करताना

चांगली परती ही चांगल्या खरेदीपासूनच सुरू होते. घरासाठीच्या वस्तू परत जाण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे माप. पडद्याची उंची दांडीपासून मोजावी, खिडकीच्या चौकटीपासून नव्हे. गालिचा घेण्याआधी जमिनीवर तेवढ्या मापाची जुनी चादर अंथरून पाहावी. दार उघडते का, चप्पल-बूट काढायला जागा राहते का, ते लगेच कळते. कपाट किंवा टेबल घेताना खोलीबरोबर जिन्याचे वळणही मोजावे. रंगाच्या बाबतीत विक्रेत्याच्या फोटोपेक्षा ग्राहकांनी घरात काढलेले फोटो अधिक खरे असतात.

‘फक्त दोनच शिल्लक’, ‘ऑफर संपायला दहा मिनिटे’ अशा सूचनांनी घाई करायची गरज नाही. ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या अशा युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचे १३ प्रकार नमूद करून मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. खोटी घाई दाखवणे हा त्यातलाच एक प्रकार आहे. निवडलेली वस्तू रात्री बास्केटमध्ये टाकून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी जोहरच्या नमाजनंतर, घरातल्यांना विचारून, मगच पैसे भरावेत. निम्म्या वस्तू बास्केटमध्येच राहतात, असा अनेक गृहिणींचा अनुभव आहे.

पैसे भरण्याआधी परतीची अट उघडून वाचावी. किती दिवस, पैसे मिळणार की फक्त बदली, न्यायला माणूस येणार की आपण पाठवायचे, खर्च कुणाचा. विक्रेत्याचे नावही पाहावे. हप्त्याने घेतलेली वस्तू परत केली, तर हप्ता थांबतो. पण बँकेचे प्रक्रिया शुल्क बहुधा परत मिळत नाही.

खोके आल्यावर ते उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवावा. फुटकी वाटी किंवा चुकीचा रंग निघाला, तर तोच पुरावा. टॅग, प्लॅस्टिकची पिशवी, हमीपत्र आणि खोके लगेच भंगारात टाकू नये. मुदत संपेपर्यंत पलंगाखाली ठेवावे. पडदा एका खिडकीवर धरून पाहावा, धुऊ नये, शिवून आखूड करू नये. एकदा कात्री लागली की तो घरचा झाला.

परत द्यायचे ठरले, तर शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. माल नेताना मिळणारी पोच, संदेश किंवा पावती जपावी. पैसे कोणत्या मार्गाने आणि किती दिवसांत येणार, हे परतीच्या पानावर लिहिलेले असते. रोख देऊन घेतलेल्या वस्तूचे पैसे साधारणपणे बँक खात्यात किंवा अॅपच्या वॉलेटमध्ये येतात. खाते निवडायची सोय असेल तर तेच निवडावे.

इथेच सर्वांत मोठा धोका असतो. पैसे लवकर येत नाहीत म्हणून लोक इंटरनेटवर कंपनीच्या ग्राहक सेवेचा क्रमांक शोधतात आणि भामट्यांनी टाकलेल्या क्रमांकावर फोन करतात. पलीकडचा माणूस गोड बोलतो, एखादे अॅप उतरवून घ्यायला सांगतो, ओटीपी किंवा यूपीआयचा पिन विचारतो. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः वयस्करांना, सांगून ठेवावे. मदत हवी असेल, तर ज्या अॅपवरून खरेदी केली त्याच अॅपमधून घ्यावी. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

माल खरोखरच सदोष असूनही कोणी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहे. त्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. खरा दोष असताना गप्प बसणे हाही काही चांगुलपणा नव्हे. आपण बोललो, तर पुढचा ग्राहक वाचतो.

विक्रेत्याच्या पारड्यात

सारा उपदेश ग्राहकालाच का, असे कुणी विचारील. विक्रेत्याची जबाबदारी खरे तर आधी येते. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला, तेव्हा बोटांना आतला ओलावा लागला. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी त्याला विचारले आणि फसवणारा आपला नव्हे, असे बजावले. आजच्या भाषेत ओले धान्य म्हणजे उजळ केलेला फोटो, मुद्दाम छोट्या टेबलावर ठेवून मोठी भासवलेली कढई, आणि ‘शुद्ध सुती’ म्हणून विकलेला पॉलिस्टर पडदा.

विकणारा आणि घेणारा दोघेही खरे बोलले आणि काही लपवले नाही, तर त्या सौद्यात बरकत येते. लपवाछपवी केली, तर ती निघून जाते, असेही हदीस सांगते. म्हणजे सचोटीचा भार एकट्यावर नाही, तो दोघांवर मिळून आहे. गावातल्या दुकानदारांनीही हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘टॅग काढू नका, पसंत नसेल तर चार दिवसांत परत आणा’ असे सांगणाऱ्या दुकानात लोक चांदरातीला गर्दी करतात ते उगाच नव्हे. ऑनलाइन बाजाराने सवलत म्हणून जे दिले, ते आपल्या पेठेत जांगडीच्या रूपाने आधीपासून होते. ते पुन्हा सुरू करायला कोणत्याही अॅपची गरज नाही.

मुदत उलटून गेली तर

काही वस्तू परत जात नाहीत. मुदत निघून जाते, खोके फेकलेले असते, किंवा परतीचे भाडे वस्तूच्या किमतीइतके होते. मग तो पडदा, तो दुसरा डिनर सेट माळ्यावर चढतो आणि पुढच्या रमजानपर्यंत धूळ खातो.

अशा वस्तूसाठी रमजानमध्ये एक दार उघडे असते. रोजे सुटण्याच्या सुमारास जे पाणी आणि खजूर शेजाऱ्याकडे जाते, त्याच वाटेने न वापरलेला चादरीचा जोडही जाऊ शकतो. गल्लीत कुणाच्या मुलीचे ईदनंतर लग्न ठरलेले असते, कुणी नवे बिऱ्हाड मांडलेले असते, कुणाच्या घरी पाहुण्यांपुढे ठेवायला पुरेशा वाट्या नसतात. ते घर कोणत्या धर्माचे आहे, हे पाहायचे कारण नाही. फक्त देताना एक पथ्य पाळावे. आपल्याला जे प्रिय आहे त्यातून खर्च केल्याशिवाय खरे पुण्य लाभत नाही, अशी कुरआनची शिकवण आहे. म्हणून डाग पडलेले, टवके उडालेले काही देऊ नये. आपल्या मनातून उतरलेली, पण कुणाच्याही घरात शोभेल अशी वस्तू असेल, तर ती खोक्यासकट द्यावी, आणि ईदच्या आधी द्यावी, म्हणजे त्या घरालाही ती ईदच्या दिवशी मांडता येईल.

आणि मुदत अजून शिल्लक असेल, तर पडदा घडी घालून पिशवीत ठेवावा, टॅग तपासावा आणि कारणांच्या यादीत ‘आता नको आहे’ यासमोर खूण करावी. त्यासाठी थोडे भाडे कापले गेले, तर ते आपल्या घाईचे मोल समजावे. सहेरीपर्यंत मोबाइलवर बोट फिरवण्यापेक्षा ते स्वस्तच पडते.